गुरुजींचा सोबती

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आदिलाबाद जिल्ह्यातील शाळांसाठी काही निधी वेगळा काढावयाचा, असा संकल्प आपल्या न्यासाने केला आहे. तो निधी कशावर खर्चावा याविषयी शिक्षकवर्गाचे म्हणणे सभेपुढे मांडावे, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभे आहोत. आजवर आलेल्या बहुतेक सूचना एकाच वळणाच्या आहेत. एका शाळेला मोठा पडदा द्यावा, दुसरीला संगणक द्यावेत, तिसरीला टॅब्लेट द्याव्यात, आणि त्या वस्तूंवर दात्यांची नावे घालावीत. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. परंतु आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. निधीचा मोठा वाटा यंत्रावर न घालता, ते यंत्र वर्गात वापरणाऱ्या शिक्षकाच्या जोडीला उभा राहील अशा माणसावर, आणि त्या माणसाच्या तयारीवर घालावा, असे आम्हांस वाटते.

हे कशासाठी, ते समजण्यास आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणावा लागेल. पूर्वी हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे याच जिल्ह्याचे भाग मुंबई राज्यात गेले, आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. २०१४ साली तेलंगण राज्य झाले; २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. सीमा सरकल्या, तरी माणसांच्या बोली जागच्या जागी राहिल्या. पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनद या भागांत घराघरांत मराठी बोलली जाते. उटनूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी चालते. तांड्यावर लंबाडी, बाजारात तेलुगू आणि उर्दू. त्यात २०२२–२३ या शैक्षणिक वर्षापासून तेलंगणातील सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या वर्गांना इंग्रजी माध्यम सुरू झाले. आता अशा एखाद्या गावच्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळीत असेल, तर त्याच्यापुढे किती कामे एकाच वेळी उभी राहतात, याची कल्पना आपण करावी. अशा शिक्षकापुढे यंत्र नेऊन ठेवले की त्याचे ओझे आपोआप हलके होईल, ही समजूत भाबडी आहे.

यंत्राने शिकविण्याचा प्रयोग आपल्या देशात नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या ए.टी.एस.-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. आंध्र प्रदेश त्या सहांपैकी एक होते. मुलांसाठी शाळेच्या वेळात कार्यक्रम होत. त्याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांचे विज्ञान-प्रशिक्षणही झाले, आणि ते नुसते पडद्यापुढे बसवून केले नाही. जोडीला छापील साहित्य होते आणि हाताने करावयाचे प्रयोग होते. आमच्या मते त्यातील खरा शहाणपणा हाच. उपग्रह उसना होता, वर्ष संपताच तो परत गेला. शिक्षकाने हाताने करून जे शिकून घेतले असेल, तेवढे त्याच्यापाशी राहिले.

त्यानंतरचा काळ आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. साथीमुळे शाळा बंद पडल्या आणि १ सप्टेंबर २०२० पासून तेलंगणात दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून व टी-सॅटवरून धडे सुरू झाले. त्या आणीबाणीत याहून निराळे काही करणे कठीण होते. परंतु डोंगरातल्या ज्या घरात संच नव्हता, किंवा ज्या गुड्यावर मोबाईलला संकेत मिळत नव्हता, तेथील मुलाला धडा लागला कसा, समजला कसा, हे पाहणारा गावात कोणी असेल तर तो त्याचा शिक्षकच होता. जेथे शिक्षक दारोदार फिरला तेथे मूल शाळेला धरून राहिले.

परदेशातील एक दाखला देतो. पेरू देशात खेड्यांतील मुलांना लहान संगणक वाटण्याची मोठी योजना झाली. तिचा अभ्यास ३१९ शाळांत करण्यात आला आणि त्याचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. संगणक पुष्कळ मुलांच्या हाती आले होते, पण गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती त्यामुळे वाढल्याचे आढळले नाही. यंत्र वाईट होते असे नव्हे. त्याचा धड्याशी सांधा जुळविणारा कोणी नव्हता.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकांना प्रशिक्षण तर देतातच. देतात. २०१९ पासून निष्ठा नावाचा देशव्यापी कार्यक्रम आहे, २०१७ पासून दीक्षा नावाचे व्यासपीठ आहे, आणि त्यावर पुष्कळ चांगली सामग्री आहे. परंतु सभागृहात तीन दिवस बसून ऐकलेली गोष्ट चौथ्या दिवशी आपल्या वर्गात करू जावे, तर पहिल्याच अडचणीला हात आखडतो. तार कोणती लावावयाची, येथपासून ते मागच्या बाकावरची चार मुले गप्प का, येथपर्यंत शंका उभ्या राहतात, आणि विचारावे तर जवळ कोणी नसते. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० साली हेच मांडले. तत्त्व सांगणे, करून दाखविणे, सराव घेणे आणि चुका दाखविणे, एवढ्याने कौशल्य येते. पण ते रोजच्या वर्गात उतरावयाचे तर शिक्षकाच्या सोबतीला त्याच्या वर्गातच कोणी तरी काही काळ राहावे लागते.

ही गोष्ट शिकण्यास अमेरिकेला जाण्याचेही कारण नाही. आपल्याच जुन्या जिल्ह्यात, आज जो भाग कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो तेथे, मारलावई नावाचे गाव आहे. १९४० साली कोमरम भीम जोडेघाटला मारला गेल्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे समजून घेण्याची गरज निजाम सरकारला भासली, आणि क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ या भागात आला. तो मारलावईत गोंडांच्या वस्तीतच राहिला. १९४३ साली तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. बाहेरून शिक्षक आणून डोंगरात बसविला तर तो टिकत नाही आणि त्याची भाषा मुलांना कळत नाही. तेव्हा गोंडांमधूनच शिक्षक तयार करावयाचे, असे ठरले. या भागात मराठीचा परिचय होता, म्हणून गोंडी भाषेतील पुस्तके देवनागरीत छापली गेली. तेथे तयार झालेले तरुण आपापल्या भागात शाळा चालवू लागले. छापील पुस्तक हेच त्या डोंगरात तेव्हा नवे यंत्र होते. ते चालले, कारण ते हाती घेणारा माणूस त्याच मातीतला होता आणि त्याला आधी कोणी तरी जवळ बसवून तयार केले होते. हायमेनडॉर्फची पत्नी बेट्टी १९८७ साली वारली. तिची समाधी मारलावईतच आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा मुलाबाळांसह अवश्य पाहावी.

आता आम्ही ज्याला सोबती म्हणतो, तो प्रत्यक्षात काय करील ते सांगतो. समजा, चौथीच्या वर्गात अपूर्णांकांचा धडा आहे. शिक्षक वीस मिनिटांची चित्रफीत लावतो. मुले शांत बसून पाहतात. शिक्षकाला वाटते, धडा छान झाला. सोबती मागच्या बाकावर बसलेला असतो. तो मध्ये बोलत नाही. मुले बाहेर गेल्यावर तो विचारतो, "गुरुजी, पाव भाकरी म्हणजे किती, हे किती मुलांना दाखविता येईल?" मग दोघे मिळून उद्याचा धडा आखतात. चित्रफीत तीनच मिनिटे चालवावयाची आणि थांबवावयाची. पुढे काय होईल ते मुलांना विचारावयाचे. प्रत्येकाने कागदाची घडी घालून चतकोर करावयाचा. ज्या मुलाची घरची भाषा गोंडी आहे त्याने तो शब्द आधी आपल्या भाषेत सांगावयाचा. त्यानंतर पुढची तीन मिनिटे. यंत्र तेच, फीत तीच, पण धडा निराळा झाला. पुढच्या आठवड्यात मुले मोबाईलवर आजीची गोष्ट ध्वनिमुद्रित करून आणतात आणि वर्गात ऐकून ती लिहून काढतात. ज्या गावी संकेत नाही तेथेही हे जमते, कारण याला बाहेरच्या जोडणीची गरज लागत नाही.

असे काम करणारा माणूस आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो. चांगला शिक्षक आपोआप चांगला सोबती होतो असे नाही. पुष्कळदा तो दुसऱ्याच्या हातचा खडू काढून घेतो आणि स्वतःच शिकवू लागतो. म्हणून सोबत्याला चार गोष्टी शिकविल्या पाहिजेत. पहिली, वर्ग पाहण्याची: शिक्षकाकडे कमी आणि मुलांकडे अधिक पाहावयाचे. दुसरी, विचारण्याची: दोष न काढता असा प्रश्न विचारावयाचा की उत्तर शिक्षकालाच सापडावे. तिसरी, करून दाखविण्याची, आणि तीही त्याच वर्गात, त्याच मुलांपुढे, वीज गेली असता काय करावयाचे यासह. चौथी सर्वांत अवघड, ती दूर होण्याची. सहा महिन्यांनी शिक्षक आपल्यावाचून चालू लागला पाहिजे. आणि हे सर्व शिकत असताना सोबत्यांनी महिन्यातून एकदा एकत्र जमून आपापल्या अडचणी एकमेकांपुढे मांडल्या पाहिजेत, नाही तर तेही एकटे पडतात.

येथे एक धोका आहे, तो स्पष्ट सांगतो. सोबती हा साहेब होता कामा नये. त्याने गुण देऊ नयेत, वरिष्ठांकडे अहवाल धाडू नये, हजेरीपट तपासू नये. तपासनीस आला की शिक्षक त्याला दाखविण्यापुरता धडा घेतो, आणि तो गेला की पडद्यावर पुन्हा फडके पडते. विश्वास बसला तरच शिक्षक आपली अडचण उघड करतो, आणि अडचण उघड झाल्यावाचून उपाय निघत नाही.

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळा पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले आणि वर्गात बसून शिकून आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा उपक्रम केला. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. असे शिक्षक भूषणावह होत. परंतु प्रत्येक गावी डिसले जन्माला येणार नाहीत. साध्या, कष्टाळू, थोड्या भिडस्त शिक्षकालाही तेथवर जाता यावे, यासाठीच सोबत्याची योजना.

शिक्षकाची बदली झाली तर केलेले वाया जाईल, अशी शंका काही सभासदांनी बोलून दाखविली आहे. आमचे उत्तर असे की, बदली होते ती शिक्षकाची. पडदा जुन्या शाळेत राहतो, पण शिकलेली रीत शिक्षकाबरोबर नव्या शाळेत जाते. आपला जिल्हा सोडून ती फार लांब जाईल असेही नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच. पहिल्या वर्षी न्यासाने चार सोबती निवडावेत. ते याच भागातील अनुभवी किंवा निवृत्त शिक्षक असावेत, आणि चौघांत मिळून मराठी, तेलुगू, गोंडी व उर्दू येणारे असावेत. प्रत्येकाकडे दहापेक्षा अधिक शाळा देऊ नयेत, म्हणजे पंधरवड्यातून एकदा प्रत्येक वर्गात बसणे होईल. त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन न्यासाने द्यावे, आणि शिक्षणखात्याची संमती आधीच घ्यावी. यंत्रे त्यानंतर, सोबती आणि शिक्षक दोघे मिळून जी मागतील तीच आणि तेवढीच घ्यावीत.

या दानावर नाव कोरण्यास जागा नाही, हे आम्ही जाणतो. सोबती दिसत नाही, त्याचे छायाचित्र स्मरणिकेत शोभत नाही. परंतु पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी हा न्यास काढला, तेव्हा त्यांनी मुलांच्या शिक्षणाचा विचार केला होता, भिंतीवरच्या पाटीचा नव्हे. त्याच विचाराने विश्वस्तांनी या सूचनेकडे पाहावे, आणि सभासदांपैकी जे शिक्षक निवृत्त होऊन घरी बसले आहेत त्यांनी आजच आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.