दूरच्या कपाटाची किल्ली



ज्या संस्थेने शंभर वर्षे कपाटे, दाखल नोंदवह्या आणि देवघेवीच्या चिठ्ठ्या सांभाळल्या, तिच्या शताब्दीच्या व्यासपीठावरून संगणकाची गोष्ट सांगितली जावी, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु आजचा विषय तसा जुनाच आहे. दूरच्या ठिकाणी असलेली माहिती आपल्या गावी बसल्या कशी मिळावी, हा तो विषय. ग्रंथालये स्थापन झाली ती ह्याच प्रश्नातून, आणि इंटरनेटची पहिली साधने निर्माण झाली तीही ह्याच प्रश्नातून.

माळव्यातील मराठी वाचकाला हा प्रश्न कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासला तर तुकोजी आणि जिवाजी ह्या दोघा भावांमुळे थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या. एकाच गावात दोन दरबार, दोन कारभार. 1948 साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. पेशवाईच्या काळापासून येथे मराठी नांदली, पण मराठी छापखाने राहिले पुण्यामुंबईकडे. पुस्तक हवे तर पत्र लिहावे, व्ही.पी. मागवावी आणि टपालाची वाट पाहावी. धारला विसाव्या शतकात रेल्वेदेखील पोचली नाही. अशा गावी ग्रंथालय म्हणजे दूरच्या ज्ञानाकडे उघडणारी एकमेव खिडकी होती. ह्या पार्श्वभूमीवर संगणकाच्या जगात काय घडले ते पाहिले, तर ते परके वाटणार नाही.

त्या जगातील सर्वांत जुने साधन टेलनेट. त्याची सुरुवात 1969 सालची, अमेरिकेतील आर्पानेट ह्या जाळ्यावरची. टेलनेटचे काम समजायला सोपे आहे. आपल्यासमोर पडदा आणि कळफलक. परंतु कळ दाबली की हुकूम जातो शेकडो मैलांवरच्या संगणकाला आणि त्याचे उत्तर आपल्या पडद्यावर उमटते. आपला संगणक तेवढ्यापुरता केवळ निरोप्या असतो. पुढे अनेक विद्यापीठांनी आपल्या ग्रंथालयांच्या सूची अशा रीतीने बाहेरच्यांना खुल्या केल्या. पण कोणत्या ग्रंथालयाचा पत्ता काय, आत शिरताना कोणते नाव टंकलिखित करायचे आणि बाहेर कसे पडायचे, हे प्रत्येक ठिकाणी निराळे. म्हणून 1990 साली कॅनडातील सास्काचेवान विद्यापीठाच्या पीटर स्कॉट ह्यांनी हायटेलनेट नावाची एक निर्देशिका तयार केली. टेलनेटने पोचता येणाऱ्या ग्रंथालयांचे पत्ते आणि आत शिरण्याच्या सूचना तीत एकत्र होत्या. दारे पुष्कळ झाली की दारांचीही यादी करावी लागते, हा धडा संगणकाच्या जगाने येथे घेतला.

त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज ह्या विद्यार्थ्याने आर्ची घडविली. निरनिराळ्या संगणकांवर जनतेसाठी ठेवलेल्या धारिकांची नावे गोळा करून ती एका यादीत शोधता येतील, अशी ही सोय होती. धारिकेत काय लिहिले आहे ते आर्चीला कळत नसे. तिला फक्त नाव आणि ठिकाण ठाऊक. आपल्याकडील तालिका-पत्रही ह्याहून फारसे वेगळे काय सांगते?

मग 1991 साली मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅककाहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोफर तयार केला. गोफर म्हणजे बिळे खणणारा एक लहानसा प्राणी. त्या विद्यापीठाच्या खेळाडूंचे तेच बिरुद. ह्या गोफरने सामान्य वाचकाच्या हाती प्रथमच सोपी किल्ली दिली. पडद्यावर विषयांची क्रमवार यादी येई. त्यातला एक क्रमांक निवडला की दुसरी यादी, तीतून तिसरी आणि शेवटी हवा तो मजकूर. ह्या प्रवासात वाचक मिनेसोटाहून निघून एखाद्या युरोपीय विद्यापीठाच्या संगणकावर पोचलेला असे, पण त्याला त्याची जाणीवही होत नसे. गोफरच्या याद्या इतक्या वाढल्या की 1992 साली नेवाडा विद्यापीठाने त्या याद्यांमधील नोंदी शोधण्यासाठी व्हेरॉनिका हे साधन निर्माण केले. आर्ची आणि व्हेरॉनिका ही एका अमेरिकन चित्रकथेतील पात्रांची नावे. तेव्हा त्या काळच्या संगणकतज्ज्ञांना विनोदाचे वावडे नव्हते, असे म्हणण्यास हरकत नाही. ब्रूस्टर काल ह्यांनी वेस ह्या साधनाद्वारे यादीच्याही पुढे जाऊन मजकुराच्या आतील शब्द शोधण्याची सोय केली.

एवढा सोयीचा गोफर मग गेला कोठे? त्याचे उत्तर ग्रंथालयाच्या आश्रयदात्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे असे आहे. 1993 च्या प्रारंभी मिनेसोटा विद्यापीठाने गोफरची आज्ञावली व्यापारी संस्थांनी वापरल्यास शुल्क घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी 30 एप्रिलला जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधन संस्थेने टिम बर्नर्स-ली ह्यांनी निर्माण केलेले वर्ल्ड वाइड वेब सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. वेबवर चित्रे दाखवता येत, मजकुरातूनच दुसऱ्या मजकुराकडे जाता येई, ही कारणेही होतीच. तथापि शुल्काच्या त्या घोषणेने लोकांच्या मनात जी शंका उत्पन्न झाली, ती पुन्हा फिटली नाही. पुढे 2000 साली गोफरची आज्ञावलीही मुक्त परवान्याने दिली गेली. परंतु तोवर वाचक निघून गेले होते. दार एकदा लोटलेले दिसले की माणसे दुसऱ्या वाटेची सवय लावून घेतात.

ह्या साऱ्या खटाटोपात मराठीचे स्थान काय होते? त्या पहिल्या साधनांची लिपी रोमन होती. त्यांच्या मूळ संकेतप्रणालीत अवघी 128 चिन्हे. त्यांत देवनागरीचा एक अक्षरदेखील बसत नव्हता. आणि तरीही मराठी पुस्तके त्या जाळ्यात शिरली होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1962 साली दिल्लीत कार्यालय उघडले आणि भारतीय भाषांतील पुस्तकांची पद्धतशीर खरेदी सुरू केली. मराठी पुस्तके वॉशिंग्टनला पोचली, त्यांची रोमन लिपीत नोंद झाली, आणि 1993 साली त्या ग्रंथालयाची सूची टेलनेटने जगाला खुली झाली. म्हणजे मराठी पुस्तकाचे नाव दूर अमेरिकेतील सूचीत सापडू शकत होते. त्याच पुस्तकाची धारच्या किंवा देवासच्या कपाटातील प्रत मात्र त्या कपाटासमोर उभे राहिल्याशिवाय कोणाला दिसत नव्हती. पुस्तक दोन्हीकडे तेच. एकीकडे सूची बाहेरून पाहता येत होती, दुसरीकडे नव्हती.

भारतातही ह्या काळात हालचाल सुरू झाली होती. 1986 साली आरंभलेल्या अर्नेट प्रकल्पाने मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आय.आय.टी. आणि बंगळूरची विज्ञान संस्था ह्यांना जोडण्यास प्रारंभ केला. 1991 साली विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी इन्फ्लिबनेटचे काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक ह्यांनी मिळून पुण्यातील ग्रंथालये जोडणारे पुणेनेट उभारले. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य नागरिकाला इंटरनेट दिले. त्यातील स्वस्त खातेदाराला मिळे ते पुन्हा टेलनेटच्याच धर्तीचे: दूरध्वनीवरून निगमच्या संगणकाशी जोडून घ्यायचे आणि काळ्या पडद्यावर अक्षरे वाचायची. अर्थात हे सारे मोठ्या शहरांचे आणि विद्यापीठांचे वैभव. लहान गावातील सार्वजनिक ग्रंथालय ह्या वर्तुळाबाहेरच राहिले.

आणि तरीही ह्या कथेचा सर्वांत बोलका अध्याय घडला तो धार जिल्ह्यात. 1 जानेवारी 2000 रोजी तेथे ज्ञानदूत प्रकल्प सुरू झाला. जिल्ह्याची लोकसंख्या 17 लाखांच्या आसपास, त्यांत भिल्ल आणि अन्य आदिवासी समाज निम्म्याहून अधिक. पाच विकासखंडांत मिळून आरंभी 20 सूचनालये उघडली गेली. रस्त्याकाठच्या, आठवड्याचा हाट भरणाऱ्या गावांना प्राधान्य मिळाले. प्रत्येक ठिकाणी एक संगणक, एक मोडेम आणि स्थानिक शिकलेला तरुण. त्याचे पद सूचक. धारच्या जिल्हा पंचायतीत मुख्य संगणक. सूचक दूरध्वनीवरून त्याच्याशी जोडून घेई आणि पडद्यावर हिंदीत विषयांची यादी येई: मंडीचे भाव, जमिनीच्या नोंदींची नक्कल, दाखल्यासाठी अर्ज, तक्रार. यादीतून क्रमाक्रमाने आत जाण्याची ही पद्धत गोफरच्याच वळणाची होती, आणि दूरच्या संगणकाला हुकूम देण्याची पद्धत टेलनेटच्या वळणाची. सास्काचेवान आणि मिनेसोटाच्या विद्वानांनी जे स्वतःसाठी केले, ते येथे हातपंपासाठी आणि बटाट्यासाठी उपयोगी पडले.

ही अतिशयोक्ती नव्हे. मंडीचा भाव पाहण्यास 5 रुपये, तक्रार नोंदविण्यास 10 आणि जमिनीच्या नकलेस 15 रुपये असे दर होते. एका गावच्या शेतकऱ्यांना स्थानिक व्यापारी बटाट्याला क्विंटलमागे 300 रुपये देऊ करीत होते. सूचनालयाच्या पडद्यावर दूरच्या मंडीत 400 रुपये भाव दिसला. माल तिकडे गेला. दुसऱ्या एका गावी पिण्याच्या पाण्यासाठी सहा महिने विनंत्या करूनही काही झाले नव्हते. 10 रुपये भरून सूचनालयातून तक्रार गेली आणि दोन दिवसांत हातपंप दुरुस्त करणारा गावात हजर झाला. प्रकल्पाला त्याच वर्षी स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि धारचे नाव जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी झाले.

पुरस्कारानंतरची हकीकत तितकी सुखाची नाही. 2002 साली अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा सूचनालयांचा वापर अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी आढळला. वीज जात होती, दूरध्वनीच्या तारा दगा देत होत्या. पण ह्याहून खोल अडचण होती ती पलीकडच्या टोकाला. गावातून अर्ज क्षणार्धात धारला पोचे. तेथून पुढे मात्र तो जुन्याच कागदी वाटेने कार्यालयांतून फिरे. उत्तर वेळेवर आले नाही की खेडूत पुन्हा सूचनालयाची पायरी चढत नसे, आणि त्याच्या 10 रुपयांवर ज्याचे पोट, त्या सूचकालाही मग दुसरा उद्योग शोधावा लागे. सूचनालये पुढे क्षीण होत गेली.

तथापि ज्ञानदूतचा अनुभव वाया गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशभरच्या सामायिक सेवा केंद्रांच्या कल्पनेमागे धारच्या ह्या प्रयोगाचीही शिदोरी आहे. आणि 2010 साली मध्य प्रदेशाने लोकसेवांच्या हमीचा कायदा केला, हा देशातील अशा स्वरूपाचा पहिला कायदा. त्यात सेवेला मुदत ठरली आणि विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड. यंत्र जोडणे पुरेसे नाही, पलीकडे उत्तर देणारा बांधलेला हवा, हे त्या कायद्याने मान्य केले.

आता ह्या वास्तूकडे वळू या. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन 1957 ते 1959 ह्या काळात उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात अध्यापन करीत होते. म्हणजे देवासपासून हाकेच्या अंतरावर. वाचकाचा वेळ वाचवा, असा त्यांच्या 1931 सालच्या पाच सूत्रांपैकी एकाचा आशय. शंभर वर्षे ह्या सूत्राचे पालन लहान गावच्या ग्रंथालयांत कोणी केले? बहुधा एका माणसाच्या स्मरणशक्तीने. अमुक मासिकाचे जुने अंक माडीवरच्या कोपऱ्यात, तमुक चरित्राची पहिली आवृत्ती तिसऱ्या कपाटात मागच्या रांगेत, हे त्याला तोंडपाठ. तो माणूस निवृत्त होतो, एक दिवस जगातून जातो, आणि पुस्तक जागेवर असूनही हरवते. माळव्यातील मराठी घरांतून मराठी वाचणारी मुले विरळ होत चालली असताना हे हरवणे अधिकच जड जाते. पुढल्या पिढीला कपाट उघडण्याची इच्छा झाली, तरी त्यात काय आहे हे सांगणारे कोणी उरणार नाही.

लिपीची अडचण आता राहिलेली नाही. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली आणि आज साध्या संगणकावर मराठी सूची देवनागरीत करता येते. अडचण आहे ती बसून नोंदी करण्याच्या कष्टांची. दाखल नोंदवहीतील एकेक ओळ वाचायची, पुस्तक काढून पडताळायचे, लेखक, वर्ष, मुद्रणालय लिहायचे. हे काम झगमगाटाचे नाही, त्याला पुरस्कारही मिळत नाही. पण आर्चीने केले ते ह्याहून निराळे नव्हते. धार आणि देवास येथील मराठी ग्रंथसंग्रहांची अशी एक समाईक सूची झाली, ती कोणालाही शुल्कावाचून पाहता आली आणि तिच्या आधारे चौकशी करणाऱ्याच्या पत्राला आठवड्याच्या आत उत्तर गेले, तर ह्या शताब्दीचे चीज होईल. ह्यांतील शेवटची अट सर्वांत कठीण आहे. गोफर आणि ज्ञानदूत ह्यांच्या हकीकती ऐकल्यावर ती सर्वांत महत्त्वाची का, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी वर्गणी काढून पहिले कपाट घेतले, त्यांनी ते कुलूप लावण्यासाठी घेतले नव्हते. आश्रयदात्यांनी ह्या वर्षी एखाद्या नव्या कपाटाऐवजी सूची करणाऱ्या दोन तरुणांच्या वर्षभराच्या मानधनाची तजवीज करावी, एवढी विनंती करून हे भाषण येथे संपते.