परीक्षेची तयारी : विद्यार्थ्याची आणि घराची
(वर्सोवा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



कॉलेजची परीक्षा जवळ आली की आपल्या घरांत दोन गोष्टी वाढतात : मुलांचे जागरण आणि वडीलधाऱ्यांचे रागावणे. या दोहोंनी गुण मात्र वाढत नाहीत. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवून उपयोगाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. वाचले म्हणजे आले, असे समजू नका. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखवून दिले की, पाठ केलेले पहिल्या दिवसातच झपाट्याने विसरले जाते; पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. यावर उपाय सोपा आहे. आज शिकलेला धडा उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा घ्यावा. पुस्तक मिटून आठवेल तेवढे कागदावर लिहावे आणि मगच पुस्तक उघडून चुका पाहाव्यात.

दुसरी गोष्ट. अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका सत्राच्या आरंभीच मिळवा. निदान तीन प्रश्नपत्रिका घड्याळ समोर ठेवून हाताने लिहून काढा. येत असूनही शेवटचा प्रश्न राहून गेला, अशी तक्रार करणाऱ्या मुलाला ज्ञान कमी नसते, लिहिण्याचा सराव कमी असतो.

तिसरी गोष्ट जागेची आणि वेळेची. एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात, तेथे मुलाने कोठे बसावे? कॉलेजच्या ग्रंथालयात बसावे. मेट्रोच्या प्रवासात टिपणे चाळावीत. रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. 2025 साली तो मार्चच्या आरंभी, बारावीच्या परीक्षेच्या दिवसांतच आला. अशा वेळी सहरीनंतरचे शांत तास कठीण विषयाला द्यावेत आणि तरावीहनंतर गप्पांत न रमता झोपावे. झोप मोडून केलेला अभ्यास पेपरात दगा देतो.

चौथी गोष्ट पालकांसाठी. मुलाचा पेपर असला की घर गप्प बसते. मुलीचा पेपर असला तरी पाहुण्यांचा चहा तिनेच करायचा! हा न्याय नव्हे. परीक्षेचा महिनाभर तिचे काम घरातल्या इतरांनी वाटून घ्यावे.

आणि एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, तर 'आता दुकानावर बस' किंवा 'आता स्थळ पाहू' असे म्हणू नका. एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात जाऊन राहिलेला विषय सोडवण्याची मुभा. दार विद्यापीठ बंद करीत नाही. पुष्कळदा आपणच करतो.

बद्रुद्दीन तैयबजी विलायतेत शिकत असताना डोळ्यांच्या आजारामुळे 1864 साली त्यांना मुंबईस परतावे लागले. घरच्यांनी शिक्षण संपले असे मानले नाही. ते पुन्हा गेले, 1867 साली बॅरिस्टर झाले, आणि 1874 साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत अग्रभागी राहिले. खंड पडलेल्या एका शिक्षणातून पुढे हजारो मुलांच्या शिक्षणाची सोय झाली.

तेव्हा मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक कागद घ्या, विषय लिहा आणि त्यांपुढे तारखा घाला. पालकांनो, तो कागद भिंतीवर लावा आणि निकाल काहीही लागो, मुलांच्या पाठीशी उभे राहा.