वाटेतलं शहर

चवथीला किंवा नाताळच्या सुट्टीत इंग्लंड-कॅनडाहून गोव्यात यायचं, तर बहुतेकांना वाटेत कुठंतरी विमान बदलावं लागतं. लंडनच्या गॅटविकहून थेट गोव्यातल्या मोपा विमानतळावर येणारी एअर इंडियाची सेवा २०२३च्या जुलैत सुरू झाली होती. अहमदाबादच्या विमान अपघातानंतर, २०२५च्या जूनमध्ये, ती स्थगित झाली. मग घरात प्रश्न निघतो तो शहराचा. मुंबई, दिल्ली, की दोहा? बहुतेकदा तिकिटाचा दर बघून उत्तर ठरतं, आणि दरात फारसा फरक नसला की आपसूक मुंबईवर बोट ठेवलं जातं. आपली भाषा, ओळखीचं शहर, अडलंच तर नातेवाइकाचं घर. हा विचार वरवर शहाणपणाचा दिसतो. पण उत्तर गोव्यात, पेडणे-डिचोलीकडे येणाऱ्या माणसासाठी, त्यातही लेकाकडून एकट्यानं परतणाऱ्या वयस्कर आईवडिलांसाठी, तो बरोबर नाही असं मला वाटतं. शहर निवडताना भाषा आणि दर यांच्या आधी एक गोष्ट बघावी: इमिग्रेशन आणि कस्टम्स कुठं होणार, वाटेत की घराजवळ?

परदेशातून येणारा प्रवासी भारतात ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतरतो, तिथंच त्याचा पासपोर्ट तपासला जातो आणि साधारणपणे तिथंच सामान ताब्यात घेऊन कस्टम्समधून बाहेर काढावं लागतं. पुढचं विमान गोव्याचं असलं तरी यातून सुटका नाही. म्हणजे रात्रभर जागून मुंबईत उतरलेल्या सत्तरीतल्या माणसानं इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायचं, पट्ट्यावरून दोन जड बॅगा उतरवायच्या, त्या पुन्हा काउंटरवर द्यायच्या आणि परत सुरक्षा तपासणीला जायचं. त्यातून देशांतर्गत विमान टर्मिनल एकवरून असेल, तर टर्मिनल दोनमधून निघून शहराच्या रस्त्यानं तिकडं जायचं. नवी मुंबईच्या विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झाल्यापासून तिकिटावर नुसतं मुंबई वाचून भागत नाही, कुठली मुंबई हेही बघावं लागतं. दोहाला यातलं बहुतेक काही नाही. एकाच तिकिटावर प्रवास असेल तर बॅगा थेट गोव्यापर्यंत लागतात, प्रवाशानं सुरक्षा तपासणी करून दुसऱ्या गेटवर जाऊन बसायचं. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स हे सगळं होतं मोपाला, आणि तिथं दाराबाहेर घरचं माणूस गाडी घेऊन उभं असतं. कतार एअरवेज २०२४च्या जूनमध्ये दाबोळीच्या विमानतळावरून मोपाला आली. तेव्हापासून हा लाभ उत्तर गोव्याच्या पदरात जास्त पडला आहे. धारगळहून मोपाला जोडरस्ता झाल्यावर तर डिचोलीच्या माणसालाही तिथं पोचणं सोपं झालं. बॅगेवरच्या चिठ्ठीवर मात्र जीओएक्स ही अक्षरं आहेत का, ते बघून घ्यावं. जीओआय म्हणजे दाबोळी.

व्हीलचेअर मागितली की मुंबईतही सगळं सुरळीत होतं, असं कोणी म्हणेल. होतं, पुष्कळदा होतं. पण व्हीलचेअर ढकलणारा माणूस रांग वाचवतो, टप्पे वाचवत नाही, आणि पहिलं विमान दोन तास उशिरा आलं तर त्याच्याही हातात काही राहत नाही.

याहून वजनदार आक्षेप आखाताच्या भरवशाचा आहे. १६ एप्रिल २०२४ला दुबईत विक्रमी पाऊस पडला, धावपट्टीवर पाणी साचलं आणि शेकडो उड्डाणं रद्द झाली. २३ जून २०२५ला इराणनं कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं टाकली तेव्हा कतारचं आकाशच काही तास बंद होतं आणि हजारो प्रवासी दोहात खोळंबले. हे खोटं नाही, आणि तणावाच्या दिवसांत आखात टाळून मुंबई घेणंच योग्य. पण मुंबई-दिल्लीही काही अभेद्य नाहीत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि विमानतळ बंद पडला. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं नेमकं पहाटेच्या विमानांना गाठतं. मुंबईत अडकलो तर कोकण रेल्वेनं येऊ म्हणावं, तर २०२४च्या जुलैत पेडण्याजवळच्या बोगद्यात पाणी शिरून तीही थांबली होती. संकट कुठंही येऊ शकतं. ते आल्यावर जबाबदारी कोणाची, यात खरा फरक आहे. दोहात खोळंबलेल्या हजारोंची हॉटेलांत सोय आणि पुढच्या विमानाची व्यवस्था विमान कंपनीनं केली, कारण त्यांचा प्रवास तिच्याच तिकिटावर होता. मुंबईपर्यंत एक तिकीट आणि पुढं स्वस्तात काढलेलं दुसरं, असं केलं की दुसरी कंपनी तुम्हाला वेळेवर न आलेला गिऱ्हाईक समजते. चार-पाच हजारांची बचत तिथंच संपते.

वाटेतलं शहर सीमेवरून ठरतं, हे गोव्याला नवं नाही. पोर्तुगीज राजवटीत, १९५५ साली, भारतानं नाकेबंदी केलेली असताना गोव्याची स्वतःची विमान कंपनी सुरू झाली आणि तिनं दाबोळीहून कराची गाठली, कारण मुंबईचं दार बंद होतं. अलीकडंही तसंच झालं: २०२५च्या एप्रिलपासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या कंपन्यांच्या फेऱ्या लांबल्या.

आपल्याकडं आणखी एक गुंता आहे. मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर, आईवडील भारतीय, अशी घरं गोव्यात थोडी नाहीत. मुलाला युरोपातलं कुठलंही शहर चालतं. आईवडिलांकडं मात्र काही युरोपीय देश विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही ट्रान्झिट व्हिसा मागतात. मुलानं स्वतःच्या सवयीनं तिकीट काढलं तर निघायच्या विमानतळावरच त्यांना अडवलं जाऊ शकतं. उलट मुलाला इकडं येताना ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो, आणि ते तो विसरला तर दोहाही त्याच्या कामाचं नाही. तरुण माणसाला, हातात एक बॅग आणि मुंबईत दोन दिवसांचं काम असेल, तर त्यानं खुशाल मुंबईवरून यावं. दोहात दोन दिवस राहून शहर बघायची हौस असेल तर तीही भागवावी, पण वेगळा बेत आखून. आईच्या प्रवासाला ती जोडू नये.

तेव्हा येत्या चवथीची तिकिटं काढताना एजंटला दराआधी तीन गोष्टी विचारा: प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षणावर आहे का, बॅगा पुन्हा कुठं घ्याव्या लागतील, आणि प्रत्येकाच्या पासपोर्टला त्या शहराचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का. उत्तरं तोंडी नकोत, लेखी घ्या.