वर्षदिन : तिथी आणि तारीख
(संत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथि-उत्सवात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झालेले, खेड्यातील प्राथमिक शिक्षक. बेचाळीस वर्षांपूर्वी हातात घेतलेला खडू निवृत्तीच्या दिवशी खाली ठेवला, एवढीच आमची मिळकत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, घरातील एखाद्या वडील माणसाचे बोलणे ऐकावे तसे आमचे बोलणे ऐकून घ्यावे, अशी प्रार्थना आहे.

आज आषाढ वद्य त्रयोदशी. शके १२७२, म्हणजे इसवी सन १३५० मध्ये याच तिथीस श्री नामदेव महाराजांनी पंढरपुरी श्रीविठ्ठलाच्या महाद्वारी समाधी घेतली. त्या गोष्टीस सुमारे पावणेसातशे वर्षे लोटली, तरी आपला शिंपी समाज ही तिथी विसरलेला नाही. परंपरा असे सांगते की, महाराजांसमवेत त्यांच्या घरची मंडळीही समाधिस्थ झाली. बाळंतपणासाठी दूर असलेली एक सून तेवढी मागे राहिली. ही कथा आम्ही बालपणी पुष्कळदा ऐकली. परंतु मागे राहिलेल्या त्या एकटीने पुढील वर्षी ही तिथी कशी काढली असेल, हा विचार आमच्या मनास कधी शिवला नव्हता. तो शिवण्यास आम्हांस वयाची पस्तिशी गाठावी लागली.

आमचे गाव लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात, तेरणेच्या खोऱ्यात. थोरले बंधू गावातच शिवणकाम करीत. आम्ही शेजारच्या गावी शिक्षक होतो व मुक्कामास घरीच असू. घर आपल्या मराठवाड्यात असते तसेच होते. दगड-मातीच्या दोन-अडीच हात रुंद भिंती, लाकडी खांब आणि वर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात असे घर थंड राहते. त्या माळवदाचा भार किती, हा प्रश्न मात्र आम्हांपैकी कोणी कधी विचारला नव्हता.

सन १९९२ च्या पावसाळ्यात किल्लारी परिसरात भूकंपाचे लहान लहान धक्के बसू लागले. भांडी वाजत, जमिनीतून आवाज येई. ऑक्टोबरपर्यंत ते चालले. लोक धास्तावले व अंगणात निजू लागले. आमच्या मातोश्रींनीही आपले अंथरूण बाहेर नेले. त्या म्हणाल्या, "बाळा, जमीन गुरगुरायलीय. मी आपली बाहीरच झोपते." तेव्हा आम्ही त्यांस हसून सांगितले, "आई, हे दख्खनचे पठार आहे. काळ्या कातळाचे. कोट्यवधी वर्षांत जागचे हलले नाही. आम्ही मुलांस हेच शिकवतो." मातोश्रींस अक्षरओळख नव्हती. मुलगा मास्तर, या गोष्टीचा त्यांस फार अभिमान होता. चार दिवस त्यांनी वाट पाहिली आणि अंथरूण आत नेले. शेजारच्या दोन घरांनीही, मास्तर म्हणतात म्हणून, आपली अंथरुणे आत नेली.

त्या काळी आमचेच तसे मत होते असे नव्हे. देशाच्या भूकंप-नकाशातही आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. परंतु हे निमित्त आहे. मातोश्रींचे कान जे ऐकत होते, ते आमच्या पुस्तकाने ऐकू दिले नाही, हे सत्य आहे.

पुढील वर्षी, २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती विसर्जनाच्या मिरवणुका निघाल्या. लोक थकून उशिरा घरी येऊन निजले. आमची सौभाग्यवती बाळंतपणासाठी बार्शीस माहेरी गेली होती. आठ वर्षांची कन्या मात्र गणपती पाहावयाचा म्हणून आजीजवळ राहिली होती. आम्ही गणेशोत्सवाचा जमाखर्च लिहीत शाळेच्या पत्र्याच्या ओसरीवर बसलो आणि तेथेच आडवे झालो. पहाटे, म्हणजे ३० तारखेस, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. शाळेचे पत्रे खडखडले, पण टिकले. गावाकडे पाहिले तर धुळीपलीकडे काही दिसत नव्हते.

त्या एका पहाटेने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसे नेली. आमच्या घरातील मातोश्री, थोरले बंधू, वहिनी आणि आमची कन्या त्यांत गेली. बंधूंचा बारा वर्षांचा मुलगा खांबांच्या आडोशाने वाचला. पुढे पाऊस लागला. सरणास लाकूड मिळेना, तेव्हा पडलेल्या घरांच्या तुळया व दारे जाळावी लागली. एकेका सरणावर अनेकांस ठेवावे लागले. याहून अधिक वर्णन करण्याची आमची इच्छा नाही. येथे बसलेल्यांपैकी ज्यांनी ते पाहिले आहे, त्यांस वर्णन नको. ज्यांनी पाहिले नाही, त्यांस वर्णनाने कळणार नाही.

चौथ्या आठवड्यात, दसऱ्यानंतर चार दिवसांनी, बार्शीस आम्हांस पुत्र झाला.

आता आजच्या विषयाकडे वळतो. मनुष्य गेला म्हणजे दुःख एकदा होते, असे आपण समजतो. वस्तुतः ते दर वर्षी ठरल्या दिवशी दारी येते. आमच्या घरी ते दोनदा येऊ लागले. पहिले वर्षश्राद्ध कोणत्या दिवशी करावे, येथूनच मतभेद झाला. पहाटेची वेळ, कोणी म्हणे चतुर्दशी धरा, कोणी म्हणे पौर्णिमा. सौभाग्यवतीने निश्चय केला की, लेक विसर्जनाच्या रात्री गेली, तेव्हा आपण अनंत चतुर्दशीच पाळणार. आम्ही शाळेतील माणूस. हजेरीपटावर तारीख असते, तिथी नसते. आम्ही ३० सप्टेंबर धरला.

आपणांस ठाऊकच आहे की, चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून तिथी मागे मागे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. परिणामी काही वर्षी आमच्या दोघांच्या दिवसांत दोन-दोन आठवड्यांचे अंतर पडे. गावभर गणपतीच्या मिरवणुकीचा गुलाल उडत असता ती एकटी दार लावून बसे, आम्ही तिला समजावू लागलो की ती म्हणे, "तुमचा दिवस अजून आला नाही." आणि ३० तारखेस आम्ही किल्लारीस स्मृतिस्तंभाकडे निघालो की ती येत नसे. एकाच लेकीचे दुःख, परंतु दोघांनी ते कधी एकत्र केले नाही. खरे कारण पंचांग नव्हते. मातोश्रींचे अंथरूण आम्ही आत नेविले, ही गोष्ट आम्ही तिच्यापासून लपविली होती आणि त्या दिवशी तिच्याजवळ बसण्याचे आम्हांस धैर्य नव्हते.

मधल्या काळात पुष्कळ बदलले. प्रथम पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. पुढे शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने व अनेक संस्थांच्या मदतीने ५२ गावे नव्या जागी वसविली. जमिनीच्या मानाने कोणास २५०, कोणास ४५०, तर कोणास ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. आम्हांस २५० चौरस फुटांचे मिळाले. पूर्वीच्या गावात अरुंद बोळ होते, ओटे होते, संध्याकाळी माणूस माणसास दिसे. नव्या गावात रुंद सरळ रस्ते आले आणि शेजारी दूर गेले. बंधूंचे शिवणयंत्र ढिगाऱ्यातून निघाले होते. त्याचे चाक वाकले होते, ते औशाच्या कारागिराकडून सरळ करून घेतले. त्याच यंत्रावर पुतण्या शिवणकाम शिकला व आज सोलापुरात गणवेशाच्या धंद्यात चांगला स्थिरावला आहे. दर दसऱ्यास तो कारखान्यातील नव्या यंत्रांच्या आधी त्या जुन्या यंत्रास हळदकुंकू वाहतो.

परंतु आमच्या पुत्राचा वाढदिवस आम्ही दहा वर्षे केला नाही. त्या दिवसांत गोड करू नये, असे घरात न बोलता ठरून गेले होते. दहाव्या वर्षी त्याने शाळेतून येऊन विचारले, "दादा, मी झालो ते तुम्हांला आवडलं नाही का?" आम्ही शेकडो मुलांच्या प्रश्नांस उत्तरे दिली होती, या प्रश्नास उत्तर सुचले नाही. त्याच सायंकाळी सौभाग्यवतीने शेवया केल्या. तेव्हापासून त्या घरात दर वर्षी होतात.

सन २०१२ मध्ये एक गोष्ट घडली. १९ सौर वर्षे व २३५ चांद्र महिने यांचा काळ जवळजवळ सारखा असल्याने दर १९ वर्षांनी तिथी व तारीख पुन्हा एकत्र येतात. त्या वर्षी अनंत चतुर्दशी बरोबर २९ सप्टेंबरास आली, १९९३ प्रमाणेच. तिची रात्र आणि आमची पहाट एकमेकींस लागून आली. आम्हांस त्या रात्री निघून जाण्यास दुसरा दिवसच उरला नाही. मध्यरात्र उलटल्यावर आम्ही तिला अंथरुणाची हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मला सांगून आता काय होणार? जे पोरांना चुकीचं शिकवलंत, ते पोरांनाच नीट शिकवा."

तिने आम्हांस क्षमा केली की नाही, हे आम्ही विचारले नाही. तिने काम मात्र नेमून दिले. पुढील वर्षापासून ३० सप्टेंबरास आम्ही वर्गात हाच एक धडा घेऊ लागलो. पठार जुने आहे म्हणून ते निश्चल आहे, असे नव्हे. सन १९६७ मध्ये कोयनानगरासही पहाटेच भूकंप झाला होता, तेव्हाच आपण शहाणे व्हावयास हवे होते. सन २००२ मध्ये भूकंप-नकाशा सुधारण्यात आला आणि आमचा भाग वरच्या पट्ट्यात गेला. माणसे भूकंपाने मरत नाहीत, घराने मरतात. माळवदावर दर वर्षी नवी माती चढवू नये. दगडी भिंतीत दोन्ही अंगे धरून ठेवणारे आरपार लांब दगड घालावेत. दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती सिमेंटचा अखंड पट्टा फिरवावा. आणि शेवटची गोष्ट, घरातील म्हातारे माणूस जमीन बोलते असे म्हणाले, तर हसू नये. सन २०१६ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावरही ज्या शाळेचे बोलावणे येते, तेथे आम्ही जातो. या धड्यास सौभाग्यवती येऊन मागील बाकावर बसते.

ज्ञातिबांधवहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी असा एखादा दिवस आहे. कोणाची चूल त्या दिवशी पेटत नसेल, कोणी त्या दिवशी उगाच गावाला जात असेल. त्यांस आमचे वडीलकीच्या नात्याने दोन शब्द आहेत. घरातील प्रत्येकाचे दुःख निराळ्या दिवशी येऊ शकते; ज्याचा दिवस असेल, त्याच्याजवळ इतरांनी बसावे, मग आपला दिवस असो वा नसो. मृत्यूच्या दिवसाने जन्माचा दिवस झाकू देऊ नये. मागे राहिलेल्या लेकराचा त्यात अपराध नाही. आणि श्राद्धाच्या पानाबरोबर, गेलेल्या माणसासंबंधी जे सांगावयाचे राहून गेले असेल, ते एकदा सांगून टाकावे. आम्ही १९ वर्षे लावली. तेवढी लावू नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमचा येथे सत्कार झाला, तुम्हांस पारितोषिके मिळाली. तुम्ही आमच्याहून पुष्कळ अधिक शिकाल. शिकलेल्या माणसाचा शब्द घरात मोठा होतो, म्हणूनच तो जपून उच्चारावा, एवढेच आमचे मागणे आहे.

तिथी व तारीख पुन्हा सन २०३१ च्या सुमारास जवळ येतील. तेव्हा आम्ही सत्तरी ओलांडलेली असेल. आहोत तर दोघे मिळून तो दिवस करू. नसलो तर पुत्र व पुतण्या करतील. त्यांस सर्व हकीकत ठाऊक आहे.

 श्री नामदेव महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून आपली रजा घेतो.