एका सतरंजीवर



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपली सवय जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी महाराष्ट्रातला सुशिक्षित माणूस खुर्चीवर बसून दुसऱ्याचे ऐकत आला आहे. सवय चांगली आहे. ती नसती तर माझ्यासारख्याला इथे उभे कोणी केले असते? परंतु आजचा विषय ऐकण्यापेक्षा तोंड उघडण्याचा आहे. कार्यक्रमपत्रिकेवर ‘सामुदायिक गायन आणि आरोग्य’ असे त्याचे भारदस्त नाव छापलेले आपण पाहिलेच असेल. माझ्या मनात तो विषय फार साध्या रूपात आहे. आजोबा आणि नातू पूर्वी एका सतरंजीवर बसून गात होते. ते तिथून का उठले, आणि त्यांना परत कसे बसवावे?

आरंभी घरातली एक गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांना अखेरच्या काही वर्षांत स्मृतिभ्रंश झाला. आधी वार विसरले, मग माणसांची नावे, आणि एके दिवशी मला त्यांनी, “आपण कुणाकडचे?” असे मोठ्या अदबीने विचारले. आम्ही त्यांची सेवा मनापासून करीत होतो. पण आता ध्यानात येते की, त्या सेवेत त्यांना करण्यासारखे आम्ही काहीच शिल्लक ठेवले नव्हते. जेवण भरवायचे आम्ही, फिरवायचे आम्ही, गोळ्या द्यायच्या आम्ही. एका एकादशीला शेजारच्या विठ्ठलमंदिरात त्यांना नेले. माझा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्या शेजारी टाळ घेऊन बसला होता. भजन रंगले, लय वाढली, आणि पोराचा टाळ घसरला. त्याबरोबर वडिलांनी त्याच्या मांडीवर थाप मारली आणि पुढच्या चार आवर्तनांत मात्रा मोजून त्याला समेवर आणून सोडले. पोराचे नाव त्यांना त्याही वेळी आठवत नव्हते, पण चूक मात्र नेमकी कळली होती.

संगीताची स्मृती अशा व्याधीत पुष्कळदा इतर स्मृतींपेक्षा अधिक काळ टिकते, असे मेंदूचा अभ्यास करणारे सांगतात. पण मला त्या दिवशी निराळीच गोष्ट दिसली. कित्येक महिन्यांनी माझ्या वडिलांची कुणाला तरी गरज पडली होती. रोगी म्हणून नेलेला माणूस तिथे अर्धा तास गुरुजी झाला होता. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे: एकत्र गाण्याने माणसाला बरे वाटते, ते त्या गाण्यात त्याच्यावाचून कुणाचे तरी अडते म्हणून.

आता आपल्या भजनाची घडण या दृष्टीने पाहा. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत असतात, मध्ये वीणेकरी आणि पखवाजी. एकाने चरण म्हणायचा आणि साऱ्यांनी धृपद उचलायचे. या रचनेत कच्च्या माणसाची किती सोय आहे! ज्याला अभंग पाठ नाही त्याला निदान धृपद येते. ज्याला धृपदही येत नाही त्याच्या हाती टाळ असतो. म्हाताऱ्याचा श्वास एका ओळीत तुटला तर शेजारचा ती ओळ पुरी करतो, आणि तो पुढच्या ओळीला पुन्हा येऊन मिळतो. कुणी थांबले हे कुणाला कळतदेखील नाही. सात वर्षांचे पोर आणि सत्तरीचा म्हातारा एकाच वेळी, आपापल्या ताकदीप्रमाणे, एकच काम करीत आहेत, असे दुसरे ठिकाण आपल्या समाजात मला तरी सहसा दिसत नाही.

अखंड हरिनाम सप्ताहात तर याहून मोठी व्यवस्था असते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा नेम. म्हणून गावातल्या माणसांना पहारे वाटून दिलेले असतात. रात्री दोन वाजता कुणी शेतकरी घोंगडी बाजूला सारून उठतो, वीणेकऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. देणारा वयाने लहान असला म्हणून घेणाऱ्याचा नमस्कार चुकत नाही. वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडताना वय विचारीत नाहीत. झोपेतून उठवून जबाबदारी सोपवणारा हा प्रकार आरोग्याच्या पुस्तकात कदाचित बसणार नाही. पण ‘माझा पहारा आहे’ या शब्दांत एकट्या माणसाला जी ऊब मिळते, ती कोणत्या औषधाने मिळेल?

बायकांच्या गाण्याची शाळा जात्यापाशी होती. पहाटे दोघी समोरासमोर बसत. सासू-सून, नणंद-भावजय, मायलेकी. खुंट्यावर दोघींचे हात, आणि ओवी एकीने धरली की दुसरीने साथ द्यायची. लेकीला संसार कळायच्या आधी ओवी कळत असे, आणि पुढे संसारात जे कुणाजवळ बोलता येत नसे ते त्याच ओवीतून जात्याला सांगितले जाई. हेमा राइरकर आणि गी पॉइटेव्हिन या दांपत्याने सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ सालापासून त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत आहेत. एवढ्या बायकांनी एवढे दुःख शब्दांत घातले आणि त्यांच्या घरातल्या पुरुषांना त्याचा पत्ताही नसावा, याचे मला राहून राहून नवल वाटते.

गिरणी आली आणि जाते थांबले. ते थांबले हे बरेच झाले. जाते परत आणा म्हणणाऱ्या पुरुषाने आधी पहाटे उठून एक पायली जोंधळे दळून दाखवावेत आणि मग बोलावे. पण दळण गेले त्याबरोबर दोन वयांच्या बायकांनी समोरासमोर बसण्याचे निमित्तही गेले. त्या निमित्ताच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही. कष्ट गेले याचा आनंद मानावा. निमित्त गेले याची मात्र भरपाई करायला हवी होती.

आपल्यातला चिकित्सक श्रोता आता म्हणेल की, हे सारे भावनेचे बोलणे झाले, पुरावा काय? पुरावा आहे, आणि तो आहे तेवढाच सांगितला पाहिजे. इंग्लंडच्या पूर्व केंट भागात साठीपुढच्या २५८ माणसांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून एकदा एकत्र गाऊ लागला, दुसरा आपल्या नेहमीच्या व्यवहारात राहिला. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, गाणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले राहिले. अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या बारा केंद्रांत ३९० वृद्धांचे गायकवृंद बांधून असाच अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथे एकटेपणा कमी झाला, जगण्यातला रस वाढला. पण स्मरणशक्ती, विचारशक्ती किंवा पायांतले बळ यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य या विषयावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, आणि कलेचा आरोग्याला हातभार लागतो असा कौल दिला.

याचा अर्थ नीट घ्यावा. गाण्याने मधुमेह जाणार नाही, गुडघा सुधारणार नाही, आणि माझ्या वडिलांचा स्मृतिभ्रंशही थांबला नाही. कुणी ‘भजनचिकित्सा’ म्हणून दुकान मांडले तर त्याच्या पायरीवर चढू नका. गाण्याने एकटेपणा हटतो. आणि एकटेपणा ही लहान व्याधी आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने मुले परगावी असलेल्या कुठल्याही घरात एक दुपार काढून पाहावी.

आणखी एक अभ्यास मला मोठा मार्मिक वाटतो. इंग्लंडात प्रौढांच्या काही वर्गांत गाणे शिकवले, काहींत हस्तकला, काहींत लेखन. काही महिन्यांनी सर्वच वर्गांत माणसे एकमेकांच्या जवळ आली; पण गाणाऱ्या वर्गांतली माणसे पहिल्या महिन्यातच जवळ आली होती. ओळखीपाळखीची वाट न पाहता गाणे माणसांना एका श्वासावर आणते. याची किंमतही आपण पाहिली आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले होते. त्यांतले ५३ करोनाने आजारी पडले, दोघे दगावले. त्याच वर्षी आपली आषाढीची पायी वारी थांबली आणि पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. रस्ता मोकळा होता, पण त्यावर टाळ नव्हता. एकत्र गाणे म्हणजे काय, हे ते गप्प झाले तेव्हा अनेकांना कळले.

मी जुन्या सतरंजीचे एवढे कौतुक केले, तर तिची लबाडीही सांगितली पाहिजे. ती सर्वांची कधीच नव्हती. चोखोबांचे अभंग आपण आत बसून गायलो, आणि चोखोबांना बाहेर ठेवले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असताना, प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. तेव्हा ‘परत बसवावे’ असे मी म्हणतो, ते या अर्थाने की, सतरंजी या खेपेस पुरी उलगडली पाहिजे. गाण्याने एकी होते हे खरे. पण गाणाऱ्यांच्या एकीने बाहेरच्याचा परकेपणा वाढतो, हेही तितकेच खरे. ज्यांना हे उमगले त्यांनी तशी गाणी घडवली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचे गायन शिकवीत, आणि १९३० साली दांडीच्या वाटेवर तेही चालले. मैफलीत नाव कमावण्याजोगा हा गवई न गाणाऱ्यांना गायला लावण्यात रमला.

आज काय स्थिती आहे? आपण गाणे वयानुसार वाटून टाकले आहे. मुलांचा गाण्याचा क्लास, त्यांच्या परीक्षा, त्यांची प्रमाणपत्रे. तरुणांच्या कानात खुंट्या. गाणे चोवीस तास, पण गळा बंद. ज्येष्ठांचे मंडळ दुपारी चारला, जेव्हा मुले शाळेत असतात. महिलांचे भजनी मंडळ निराळे, आणि त्यांच्या स्पर्धेत पोशाखाचा रंगदेखील ठरलेला. प्रत्येक ठिकाणी गाणे चालू आहे, आणि तरीही आजोबांची थाप नातवाच्या मांडीवर पडत नाही.

माझी सूचना फार छोटी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक तास. मंदिर, शाळेची खोली, वाचनालय, इमारतीची गच्ची, काहीही चालेल. मात्र जिथे यायला कुणाला संकोच वाटेल अशी जागा नको. तीन पथ्ये पाळावीत. पहिले, ध्वनिक्षेपक नको. तो एकाचा आवाज मोठा करतो आणि बाकीच्यांचे तोंड मिटवतो. दुसरे, बक्षीस नको. बक्षीस आले की कच्च्या गळ्याला मागे बसवतात. तिसरे पथ्य पेटीवाल्यासाठी: पट्टी चढवू नये. भजन तारस्वरात रंगते हे मला मान्य आहे, पण म्हाताऱ्याचा गळा तिथवर पोचत नाही आणि तो हळूच ओठ हलवीत बसतो. पट्टी थोडी उतरवा. पोरांना वरच्या सप्तकात जायचे तर ती जातील.

आणि गाणी? निम्मी वडीलधाऱ्यांनी मुलांना शिकवावी, निम्मी मुलांनी वडीलधाऱ्यांना. या दुसऱ्या निम्म्याचा आग्रह मी विशेष धरतो. नातवाच्या आवडीचे गाणे आजीने चुकत चुकत म्हणावे आणि नातवाने तिला दुरुस्त करावे, यात आजीचा मान जात नाही. शिकवायला मिळाले की पोराचीही पाठ ताठ होते. गरज दोन्ही बाजूंनी पडली तरच ते गाणे टिकेल. एरवी ती वृद्धांची सेवा होईल, आणि सेवेचा पोरांना लवकर कंटाळा येतो.

माझे वडील आता नाहीत. ते गेल्यावर पहिल्या एकादशीला मुलगा आपण होऊन टाळ घेऊन निघाला. भजनात शेजारी एक नवा पोरगा बसला होता, त्याचा ताल चुकला. आणि माझ्या मुलाने त्याच्या मांडीवर थाप मारली. ती थाप मी ओळखली.

मी माझा चरण म्हटला आहे. धृपद उचलणे आपल्या हाती आहे.