काठावरची भीती

श्रोतेहो, पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीच्या काठावर थरथरत उभं राहिलेलं पोर तुम्ही पाहिलं असेल. मालवणजवळ तारकर्लीला पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन समुद्रात बुडी मारायला शिकवतात. तिथे मोठ्या माणसांचीही गत तीच होते.

लहान होडीतून पाण्यात जायचे ते बहुधा पाठमोरे. होडीच्या कडेवर बसायचे, मागे कोणी नाही ना हे पाहून घ्यायचे आणि लवंडायचे. ऐकूनच पोटात गोळा येतो, नाही का? पण पाण्यावर आधी आपटतो तो सिलिंडर, तुमचे तोंड नव्हे. तळव्याने तोंडातला रेग्युलेटर आणि बोटांनी डोळ्यांवरचा मुखवटा दाबून धरला, की दोन्ही जागचे हलत नाहीत. अंगातल्या जाकिटात आधीच थोडी हवा भरलेली असते. क्षणभर वर कुठे नि खाली कुठे कळत नाही, नुसते बुडबुडे. मग ते जाकीटच तुम्हाला वर आणते.

विहिरीत पोहलेल्यांनी मात्र एक सवय सोडावी, दम कोंडण्याची. सिलिंडरची हवा घेऊन वर येताना कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा करते. श्वास चालूच ठेवायचा.

आणि गुरुजी, भेदरलेल्याला मागून ढकलू नका हो. आमच्या लहानपणी ढकलत असत. काही पोहायला शिकले. काही पुन्हा विहिरीकडे फिरकले नाहीत. आधी कंबरभर पाण्यात तोंड बुडवून रेग्युलेटरने श्वास घेऊ द्या. होडीवर बसूनही धीर झाला नाही, तर त्याने तसे सांगावे आणि बसून राहावे. होडी उद्याही निघणार आहे.