भट्टींतल्या बरगड्या

डुकराच्या मांसाची गोमंतकीय परंपरा शिरक्यावर उभी आहे. पोर्तुगीज लोक मद्य आणि लसूण यांत मांस मुरवीत. गोव्यांत मद्याच्या जागीं माडीचा शिरका आला, मिरचीची भर पडली आणि विंदालू सिद्ध झालें. नाशिकच्या ज्या घरांत हें मांस वर्ज्य नाहीं व विजेची भट्टी आहे, तेथें बरगड्यांनाही हाच संस्कार मानवतो.

आंतील बाजूचा पापुद्रा आधीं ओढून काढावा; तो भाजतांना चामड्यासारखा आवळतो. मग शिरका, लसूण, मिरची व मीठ लावून बरगड्या रात्रभर शीतपेटींत ठेवाव्या. दुसऱ्या दिवशीं झांकून १४० अंश सेल्सिअसवर अडीच-तीन तास भाजाव्या. हाडाजवळचे चिवट धागे या मंद उष्णतेनेंच विरघळतात.

काकवीचा लेप शेवटच्या वीस मिनिटांत द्यावा. हौशी गृहस्थ स्वयंपाकघरांत शिरले कीं प्रथम लेपच करावयास घेतात! पण गूळ लवकर करपतो. वर कोळसा, आंत कच्चें मांस, आणि तेंच ताट पाहुण्यांपुढें. अर्धकच्च्या मांसांतून फीतकृमि पोटांत शिरतो. त्याचीं अंडीं कोणाच्या पोटांत गेलीं तर मेंदूंत गांठी होऊन झटके येतात. आंब्याच्या लांकडाच्या धुरावर भाजणारानें अधिक जपावें, कारण धुराचा रंग मांस शिजण्याआधींच चढतो. हाडांच्या टोकांवरून मांस अर्धा इंच मागें सरलें आणि सुरी विनासायास आंत गेली, म्हणजे भट्टी विझवावी.